समुद्रात वापरलेल्या ‘स्टेनलेस’ सुरीला पुन्हा पुन्हा गंज का चढतो, आणि परवडणारी सुरी कशी निवडावी

तारकर्ली-मालवणच्या बाजूला स्कूबा डायव्हिंगचा हंगाम भरात आला की साहित्य दुरुस्तीला घेऊन येणारे डायव्हर एक तक्रार हमखास करतात. सुरी नवी असते, पात्यावर ‘स्टेनलेस’ असे ठळक कोरलेले असते आणि तरीही चार-दोन डाइव्हनंतर ती म्यानातून काढताना अडकते, पात्यावर तपकिरी ठिपके दिसतात आणि मुठीजवळ बोटाला विटकरी रंगाची भुकटी लागते. घासून स्वच्छ केली की आठवडाभर बरी दिसते आणि मग गंज नेमका त्याच जागी पुन्हा वर येतो. कंटाळून मालक सुरी बदलतो, या वेळी जरा महाग घेतो, आणि पावसाळा संपल्यावर तीही तशीच निघते. गळाने मासे पकडणाऱ्यांची आणि होडीवर काम करणाऱ्यांची तक्रारही याहून वेगळी नसते.

या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा ‘चांगल्या पोलादाची सुरी घ्या’ एवढ्यावर आटोपते. ते उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पोलादाचा दर्जा महत्त्वाचा असतोच, परंतु गंजाची सुरुवात जिथे खारे पाणी साचून राहते तिथे होते, आणि अशी जागा बहुधा उघड्या पात्यावर नसून मुठीच्या आत, स्क्रूच्या डोक्याखाली किंवा म्यानाच्या तळाशी असते. म्हणून कमी पैशांत सुरी घ्यायची असेल, तर पोलादाचे नाव वाचण्याआधी ती सुरी पूर्ण उघडता येते का आणि तिचा कानाकोपरा धुता येतो का, हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. साध्या पोलादाची पण पूर्ण उघडणारी सुरी नीट सांभाळली तर कित्येक हंगाम टिकते, आणि उत्तम पोलादाची पण रिव्हेट मारून कायमची बंद केलेली सुरी आतून सडू शकते.

हे असे का होते, ते आधी समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर उभे आहेत. ज्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्याला स्टेनलेस म्हणतात. हे क्रोमियम हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा थर तयार करते. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच हा थर पुन्हा भरून येतो, आणि आतले लोखंड सुरक्षित राहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला निम्म्याहून अधिक भाग, म्हणजे जवळपास १९ ग्रॅम, क्लोराइडचा असतो. हे क्लोराइड त्या थराला एखाद्या कमजोर जागी भेदते. उघड्या पात्यावर, वाहत्या पाण्यात, ऑक्सिजन मुबलक असल्यामुळे थर स्वतःला सावरतो. पण मुठीच्या आत अडकलेल्या थेंबभर पाण्यातला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो, नवा मिळत नाही, क्लोराइड साठत जाते, ते पाणी आम्लधर्मी होते आणि मग तिथला थर भरून येण्याऐवजी विरघळतच जातो. फटीतला गंज वेगाने आणि खोलवर जातो, तो यामुळे.

दुसरी गोष्ट सुकण्याची. ‘मी सुरी वाळवून ठेवली होती’ असे लोक सांगतात आणि ते खोटे बोलत नसतात. पण मीठ धुतले न जाता नुसते पाणी उडून गेले असेल, तर सुरी खऱ्या अर्थाने कोरडी झालेली नसते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळू लागते, आणि समुद्री क्षारांत असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होते. पावसाळ्यातल्या कोकणात हवा दिवसचे दिवस त्याहून कितीतरी दमट असते. याचा अर्थ, मिठाचे कण अंगावर घेऊन म्यानात ठेवलेली सुरी कपाटातही समुद्रातच आहे. डायव्हिंगचा हंगाम चालू असताना जी सुरी बरी दिसत होती, ती पावसाळ्यानंतर गंजून निघते, याचे कारण हेच आहे.

आता आपल्या सुरीवरचा गंज नेमका कुठे आहे, ते उजेडात नीट पाहावे. जागेवरून कारण बरेचसे ओळखता येते.

संपूर्ण पात्यावर चहा सांडल्यासारखा फिकट तपकिरी डाग असेल आणि तो बोटाने चोळल्यावर निघत असेल, तर काळजीचे कारण नाही. धुण्यात कसूर झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. केवळ धारेच्या कडेने गंजाची रेष दिसत असेल, तर धार कशी लावली ते आठवावे. ज्या चाकावर कोयते आणि साध्या लोखंडाची इतर हत्यारे घासली जातात, त्याच चाकावर स्टेनलेस सुरी धरली की लोखंडाचे सूक्ष्म कण तिच्या पृष्ठभागात रुततात आणि पहिल्याच खाऱ्या पाण्यात ते गंजतात. गंज सुरीचा नसून त्या कणांचा असतो, पण तिथून तो पुढे पसरू शकतो. शिवाय कोरड्या चाकावर धार निळसर होईपर्यंत तापली, तर तिथल्या पोलादाचा कठीणपणाही जातो आणि गंजरोधही. तारेच्या घासणीनेही नेमके हेच घडते. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी डायव्हिंगच्या सुरीला कधीही लावू नये.

कंपनीच्या नावाभोवती किंवा पात्यावर कोरलेल्या अक्षरांत गंज दिसत असेल, तर तो लेझरने केलेल्या कोरीव कामाचा परिणाम असतो. लेझरच्या उष्णतेने तिथला संरक्षक थर बिघडलेला असतो. असा डाग कुरूप दिसतो, पण सुरीच्या ताकदीला सहसा बाधा आणत नाही. वाळूचा मारा करून मुद्दाम खरबरीत, करडे केलेले पातेही गुळगुळीत पात्यापेक्षा लवकर गंजते, कारण त्या सूक्ष्म खळग्यांत मीठ बसते. काळा मुलामा दिलेल्या सुऱ्यांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. मुलामा जिथे शाबूत आहे तिथे तो संरक्षण देतो, पण धारेवर तो कधीच नसतो, आणि म्यानात घासून जिथे उडाला तिथे गंज एकवटतो. मुलामा पाहून जास्त पैसे मोजू नयेत.

खरी चिंता करावी ती दोन ठिकाणच्या गंजाची. एक, पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके, जे पुसून जात नाहीत आणि ज्यांच्यावर नख फिरवले तर अडखळते. हे डाग नसून खड्डे असतात. दुसरे, मुठीतून पाते बाहेर येते त्या सांध्यावर सतत दिसणारी विटकरी ओल.

या दुसऱ्या लक्षणासाठी सुरी उघडावीच लागते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डायव्हिंगच्या सुऱ्यांची मूठ टोकाशी असलेल्या एका स्क्रूने किंवा नटाने धरलेली असते. काहींत मुठीच्या मागचा धातूचा हातोडीसारखा तुकडाच आट्यांवर फिरतो. तो कोमट पाण्यात तासभर बुडवून मग सैल करावा, कारण आट्यांत मीठ घट्ट बसलेले असते आणि जोर केला तर स्क्रूची खाच जाते. मूठ ओढून काढली की आतले चित्र बहुधा असे असते : मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या भागावर वरच्या बाजूला पांढऱ्या मिठाची खरखरीत पुटे, त्यांच्याखाली काळपट ओला थर, आणि सर्वांत आत, जिथे प्लास्टिक पोलादाला चिकटून होते तिथे, काठ ठळक असलेला खोलगट डाग. बाहेरचे पाते चकचकीत असताना आतला हा भाग खाल्लेला असतो. कारखान्यात पाते घासून गुळगुळीत करताना हा आतला भाग पुष्कळदा खडबडीतच सोडून दिलेला असतो, त्यामुळे तो अधिक लवकर बळी पडतो. बाहेरून दिसणारी विटकरी भुकटी इथूनच झिरपत असते, आणि म्हणूनच पाते कितीही घासले तरी ती परत येते. स्क्रू लोहचुंबकाला घट्ट चिकटत असेल आणि त्यावरच गंज असेल, तर तोच मूळ दोषी असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच मापाचा ३१६ दर्जाचा (खाऱ्या पाण्याला चांगला टिकणारा) स्टेनलेस स्क्रू बोटीचे सामान विकणाऱ्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. पितळी स्क्रू घालू नये, कारण खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला एक झिजू लागतो.

उघडलेले सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात नायलॉनच्या ब्रशने घासावेत. जुना दातांचा ब्रश त्यासाठी उत्तम. वरवरचे डाग खाण्याच्या सोड्याची ओली लापशी करून चोळल्यास निघतात. चिवट डागांसाठी किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड वापरावे : साधारण ५० ग्रॅम भुकटी एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून सुरीचे धातूचे भाग त्यात १५ ते २० मिनिटे ठेवावेत आणि मधूनमधून पाहावेत. पाते काळवंडू लागल्यासारखे वाटले तर लगेच बाहेर काढावे, कारण जास्त कार्बन असलेल्या पोलादाला आम्ल फार वेळ सोसत नाही. सायट्रिक ॲसिड पृष्ठभागात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवते पण क्रोमियमच्या थराला फारसे दुखवत नाही, म्हणून कारखान्यांतही स्टेनलेसचे भाग त्याच्या द्रावणात धुण्याची पद्धत आहे. नंतर भरपूर गोड्या पाण्याने खळबळून, पुसून, एक दिवस उघड्या हवेत ठेवावे, म्हणजे थर पुन्हा नीट बसतो. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच किंवा संडास-फरशी साफ करण्याचे आम्ल यांचा वापर अजिबात करू नये. दोन्हींत क्लोराइड किंवा क्लोरीन असते, म्हणजे ज्या शत्रूला हटवायचे त्यालाच आपण घरात घेतो.

मूठ परत बसवण्याआधी आतल्या भागाला आणि स्क्रूच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. ओ-रिंगना, म्हणजे साहित्यातल्या रबरी कड्यांना, लावायचे जे ग्रीस डायव्हरच्या पेटीत असतेच, तेच चालते. त्याचा हेतू गंज मारणे हा नसून ती फट भरून टाकणे हा आहे. फटीत ग्रीस असले की पाणी जाऊन बसायला जागाच उरत नाही. खोबरेल तेल लावण्याची सवय आपल्याकडे आहे आणि एक-दोन दिवसांसाठी ते काम भागवते, पण काही आठवड्यांत ते चिकट होते आणि त्याला वाळू धरते. खनिज तेलांमुळे म्यानाचे रबरी पट्टे फुगतात आणि भेगाळतात, म्हणून पट्ट्यांच्या जवळपास ती वापरू नयेत.

यानंतर रोजच्या धुण्याचा प्रश्न येतो, आणि इथे एक गोष्ट अशी आहे जिच्याकडे किनाऱ्यावरही फार थोड्यांचे लक्ष असते. आपण ज्याला गोडे पाणी समजतो, ते गोडे आहे का? होडीवर किंवा केंद्रावर साहित्य बुचकळण्यासाठी ठेवलेल्या पिंपात सकाळी पहिल्या गटाचे साहित्य बुडते तेव्हा पाणी स्वच्छ असते. दुपारपर्यंत वीस-पंचवीस जॅकेटे (डायव्हरला तरंगते ठेवणारी) आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारे) त्यात बुडून गेले की ते मचूळ झालेले असते. त्यात शेवटी बुडवलेली सुरी धुतली गेली असे म्हणता येत नाही. खाडीलगतच्या विहिरींचे पाणीही एप्रिल-मे महिन्यांत खारट होते. पाणी जिभेला मचूळ लागत असेल किंवा त्यात साबणाला फेस येत नसेल, तर त्या पाण्याने सुरी धुणे म्हणजे मिठाचा नवा थर चढवणे आहे. सुरीला लागणारे पाणी असते किती? पिण्याच्या पाण्याची एक लिटरची बाटली पुरे. सुरी म्यानातून काढून त्यात थोडा वेळ बुडवून ठेवावी, म्यानात वेगळे पाणी भरून हलवून ओतावे, आणि मग दोन्ही वेगवेगळे सुकवावेत. सुरी धुऊन पुन्हा ओल्या म्यानात खोचणे, हे मला दिसणाऱ्या गंजाचे सर्वांत मोठे कारण आहे. म्यानाच्या टोकाशी पाणी निथळण्याचे भोक नसेल तर तापवलेल्या खिळ्याने ते पाडावे. म्यानात सुरी अडकवून ठेवणारी पत्र्याची स्प्रिंग असेल, तर ती पात्याला जिथे टेकते तिथे आडवी गंजाची रेष येते. तिथेही ग्रीसचा पातळ थर द्यावा.

इथपर्यंत असलेल्या सुरीचे झाले. नवी घ्यायची असेल, तर आता पोलादाकडे वळू.

पोलादात मेळ घालायचा असतो तो दोन परस्परविरोधी गोष्टींचा. धार टिकण्यासाठी कार्बन लागतो, पण हा कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइडचे कण बनवतो, आणि त्या कणांत अडकलेले क्रोमियम गंजापासून संरक्षण करायला मोकळे राहत नाही. त्यामुळे ४४०सी या पोलादात १७ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असूनही, एक टक्क्याच्या आसपास असलेला कार्बन त्यातले बरेच खाऊन टाकतो. उलट १३ टक्के क्रोमियमचे साधे ४२० पोलाद कार्बन कमी असल्यामुळे समुद्रात त्याच्या बरोबरीने किंवा त्याहून बरे टिकते. ऑनलाइन दुकानांत स्वस्त सुऱ्यांवर ३सीआर१३ असे लिहिलेले असते, ते याच ४२०च्या घराण्यातले चिनी पोलाद आहे. त्याची धार लवकर बोथट होते, पण तितक्याच लवकर लावताही येते, आणि डायव्हिंगच्या सुरीला वर्षाकाठी किती कापावे लागते, हे लक्षात घेतले तर हा सौदा वाईट नाही. ८सीआर१३एमओव्ही आणि डी२ ही नावे घडीच्या सुऱ्यांवर फार दिसतात आणि जमिनीवर ती उत्तम काम देतात, पण कार्बन जास्त असल्यामुळे खाऱ्या पाण्यात त्यांच्या वाटेला जाऊ नये. डी२ मध्ये तर सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते. ते पुरेसे स्टेनलेसच नव्हे.

३०४ किंवा ३१६ असे लिहिलेल्या सुऱ्यांबाबत सावध राहावे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, बोटीचे कठडे आणि नटबोल्ट त्याचेच करतात, आणि गंजाच्या बाबतीत ते ४२०च्या कितीतरी पुढे आहे. परंतु ही पोलादे तापवून विझवून कठीण करता येत नाहीत. त्यांच्या सुरीला धार लागते, पण दोरखंडावर दोन-चार वेळा फिरवली की ती मुडपते. दुकानात लोहचुंबक नेता आला तर न्यावा : पाते चुंबकाला अजिबात चिकटत नसेल किंवा अगदी हलके ओढले जात असेल, तर ते बहुधा याच मऊ वर्गातले आहे किंवा टायटॅनियमचे आहे, घट्ट चिकटले तर ४२०-४४०च्या वर्गातले आहे.

मधल्या किमतीत मला सर्वांत विश्वासाची वाटणारी दोन पोलादे आहेत. एक, जर्मन क्रमांक १.४११६, ज्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते. मटण-मासळीच्या व्यावसायिक सुऱ्या मोठ्या प्रमाणावर याच्याच बनतात, आणि चिनी ५सीआर१५एमओव्ही हे त्याचेच जवळचे भावंड आहे. दुसरे, स्वीडिश १४सी२८एन, ज्यात १४ टक्के क्रोमियमबरोबर ०.११ टक्के नायट्रोजन मिसळलेला असतो. नायट्रोजनचा आकडा लहान दिसला तरी त्याचे वजन मोठे असते. खड्डे पडण्याला पोलाद किती दाद देणार नाही, याचा अंदाज बांधायला वापरल्या जाणाऱ्या प्रचलित सूत्रात क्रोमियमला १, मॉलिब्डेनमला ३.३ आणि नायट्रोजनला १६ असे गुणक धरतात. कार्बनचे काम काही अंशी नायट्रोजनकडून करून घेणे, हीच समुद्री सुऱ्यांच्या आधुनिक पोलादांमागची युक्ती आहे. स्पायडर्को कंपनीच्या ‘सॉल्ट’ मालिकेमुळे प्रसिद्ध झालेले जपानी एच१, आणि सुमारे ०.३ टक्के कार्बन, ०.४ टक्के नायट्रोजन आणि १५ टक्के क्रोमियम असलेले एलसी२००एन, ही त्याची ठळक उदाहरणे. ही पोलादे समुद्रात व्यवहारतः गंजत नाहीत, हे मी मान्य करतो, आणि रोज पाण्यात उतरणाऱ्या प्रशिक्षकाने एकदाच खर्च करून अशी सुरी घेतली तर ते योग्यच होईल. परंतु हंगामात मोजक्या वेळा उतरणाऱ्याने त्यासाठी कित्येक हजार रुपये घालावेत, असे मला वाटत नाही, विशेषतः पाण्याखाली सुरी हातातून निसटून तळाशी जाणे ही नित्याची गोष्ट असताना.

टायटॅनियमला समुद्राचे पाणी काहीच करत नाही. सर्वाधिक प्रचलित मिश्रधातूत, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियममध्ये, धार मात्र फार काळ टिकत नाही, कारण तो कठीण केलेल्या पोलादापेक्षा बराच मऊ असतो. म्हणून टायटॅनियमची सुरी घ्यायची तर दातेरी धारेचीच घ्यावी. दात बोथट झाले तरी फाडत राहतात.

पण मुळात सुरी हवी कशासाठी? आपल्या किनाऱ्यावर डायव्हरला धोका असतो तो खडकांना अडकून राहिलेल्या जाळ्यांचा आणि तुटलेल्या तंगूसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याचा. पाण्यात तंगूस दिसत नाही, टाकीच्या व्हॉल्व्हला किंवा फिनच्या पट्ट्याला गुंतते, आणि माणूस वळला की आणखी गुंडाळते. अशा वेळी ताणलेले नसलेले तंगूस लांब पात्याने कापायला गेले तर ते पात्यावरून नुसते सरकते. रुग्णवाहिकेत कपडे कापायला वापरतात तशी, एका पात्याला दाते आणि टोकाला बोथट चोच असलेली कात्री हे काम सुरीपेक्षा कितीतरी चांगले करते, एका हाताने करते, आणि वैद्यकीय साहित्याच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. तिचा खिळा गंजतो, हे खरे आहे. पण दोन हंगामांनी नवी घेणे सहज परवडते. आकड्याच्या खाचेत लहान पाते बसवलेला दोरी-कटर हा दुसरा स्वस्त पर्याय, ज्याचे पाते बदलता येते. थोड्या पैशांत सर्वांत जास्त सुरक्षितता हवी असेल, तर एक कात्री आणि एक कटर वेगवेगळ्या जागी, दोन्ही हातांना पोहोचतील असे लावावेत, आणि सुरी हा तिसरा विचार असावा.

सुरी घेतलीच, तर पाते तीन ते चार इंचांचे पुरते. एक बाजू साधी आणि एक दातेरी असावी, कारण जाड नायलॉनचा दोर दात्यांनीच तुटतो. टोक बोथट असावे. अणकुचीदार टोक स्वतःच्या जॅकेटला आणि हवेच्या नळीला भोक पाडते. ती पोटरीच्या बाहेरच्या बाजूला बांधण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, तिथे तिच्या मुठीलाच जाळे अडकते. जॅकेटच्या कमरपट्ट्यावर, समोर, ती अधिक सुरक्षित असते. अंदमान-लक्षद्वीपला विमानाने जाणाऱ्यांनी सुरी, कात्री, कटर सगळे चेक-इन सामानातच ठेवावे.

होडीवर मासे साफ करण्यासाठी डायव्हिंगची सुरी घेण्याचे तर कारणच नाही. तिथे १.४११६ किंवा तत्सम पोलादाची, प्लास्टिकची मूठ पात्यावर थेट ओतून बसवलेली मासळीची सुरी घ्यावी. तिच्या मुठीत फटच नसते, आणि ती किमतीलाही हलकी असते. लाकडी मूठ टाळावी, ती पाणी पिते. गावच्या लोहाराने घडवलेला कोयता गंजतोच, पण जो रोज वापरला, रोज पुसला आणि रोज दगडावर घासला जातो, त्यावरचा गंज खोल जायला वेळच मिळत नाही. होडीवर त्याची जागा अजूनही कोणी घेतलेली नाही.

नवी सुरी पाण्यात नेण्याआधी घरी एक साधी परीक्षा करता येते. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे, सुती फडके त्यात भिजवून पात्याभोवती आणि मुठीच्या सांध्याभोवती गुंडाळावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी फिकट डाग पडून पुसले गेले तर पोलाद नेहमीच्या वर्गातले आहे आणि धुण्याची शिस्त पाळली की निभेल. डागाखाली ठिपके राहिले तर, परत करण्याची मुदत असेतो, सुरी परत करावी.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद होते तेव्हा सुरी म्यानात ठेवू नये, आणि चामड्याच्या म्यानात तर मुळीच नाही, कारण चामडे ओल धरते आणि त्यातली कमावण्याची रसायने पात्याला खातात. मूठ उघडून, गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, पूर्ण वाळवून, ग्रीस लावून ती झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी, आणि महिन्यातून एकदा डबा उघडून पुड्या तव्यावर मंद आचेवर वाळवून परत घालाव्यात. कात्री आणि कटर यांनाही त्याच डब्यात जागा द्यावी.

हंगामाच्या सुरुवातीला डबा उघडल्यावर पात्याच्या दोन्ही अंगांवरून आणि मुठीत शिरणाऱ्या भागावरून नख फिरवावे. पात्याच्या मध्यभागी एखादा खड्डा लागला तर सुरी चालेल, त्याकडे लक्ष ठेवावे. खड्डा धारेवर असेल तर तो जाईपर्यंत दगडावर घासून नवी धार काढावी. मुठीत शिरणाऱ्या भागावर, जिथे पाते अरुंद होते त्या जागी खड्डे लागले, तर ती सुरी कितीही महागाची असली तरी पाण्यात नेऊ नये. दोर कापताना सगळा ताण त्याच जागी येतो आणि ती तिथेच मोडते. अशा सुरीची मूठ आणि म्यान सुट्या भागांसाठी ठेवून द्यावीत आणि पाते भंगारात घालावे.